मधाचं स्नान घरी करताय? या चुका टाळा

थंडीत निफाडचा घसरलेला पारा बातम्यांत यायला लागला की नाशिकमध्ये घरोघरी कातडी उलते आणि मला तीच वाक्यं ऐकायला मिळतात. "मधाची अंघोळ केली, पण काही फरक नाही." "उलट खाजच सुटली." चुका दर हिवाळ्याला त्याच, म्हणून एकदा लिहूनच काढते.

सगळ्यात मोठी चूक कढत पाण्याची. गीझर पूर्ण तापवायचा, बाथरूम वाफेनं भरली की मध सोडायचा! कढत पाणी त्वचेवरचं नैसर्गिक तेल धुऊन नेतं. म्हणजे जे राखायला मध घेतला, तेच आधी घालवलं. शिवाय मधात एक एन्झाइम असतं, ग्लुकोज ऑक्सिडेज. मधाला पाणी लागलं की त्यातून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तेच जंतूंना रोखायला मदत करतं. जास्त उष्णतेनं हे एन्झाइम निकामी होतं. बाळाच्या अंघोळीला आपण कोपर बुडवून पाणी बघतो, तसंच इथेही बघावं. 40 अंशांच्या वर जायचं कारणच नाही.

दुसरं, बादलीत मध ओतू नका. 20 लिटर पाण्यात दोन चमचे मध, त्यातला अंगाला लागतो किती? मध ओल धरून ठेवतो हे खरं, पण त्यासाठी तो अंगावर थोडा वेळ थांबला पाहिजे. मी अर्धा तांब्या कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मध घालते आणि बोटांनी ढवळत राहते, तळाशी तार लागेनाशी होईपर्यंत. आधी साध्या पाण्यानं अंग धुवायचं, ओल्या अंगावर हे पाणी हलक्या हातानं चोळायचं आणि दार लावून दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. खरा आराम या दहा मिनिटांत आहे आणि नेमकी तीच लोकांना जड जातात. टब असेल तर अर्धी वाटी मध पुरे, तोही आधी विरघळवून.

आता मिश्रणांविषयी. माझ्या नणंदेची मुलगी गंगापूर रोडला राहते. लग्न चार दिवसांवर आलेलं. मोबाइलवर बघून तिनं मधात लिंबू पिळलं, खायचा सोडा घातला, वर दालचिनीची पूड. फसफसून फेस आला, तो बघून पोरगी खूश. रात्रीपर्यंत मान आणि कोपरांच्या घड्या लालभडक. डॉक्टरांनी काहीही लावायला मनाई केली, हळदसुद्धा. हळदीच्या दिवशी करवल्यांनी तिच्या कपाळाला नुसतं बोट टेकवलं. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते. लिंबू तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आंबट, सोडा नेमका उलट्या टोकाचा आणि दालचिनी तर झोंबतेच. लिंबू लागलेल्या अंगानं उन्हात गेलं तर काळे डागही पडतात. चार दिवसांत उजळायची घाई असेल तर मधाच्या वाटेला जाऊच नका. मधात फार तर चमचाभर साय घाला.

मध गोठला म्हणून भेसळीचा समजून फेकू नका, खरा मधही गोठतो. कोमट पाण्यात बाटली ठेवा, सैल होईल. ग्लासातल्या पाण्यात थेंब टाकण्याच्या किंवा काडी पेटवण्याच्या परीक्षेवरही भिस्त नको. प्रयोगशाळेच्या ठरावीक चाचण्या चुकवणारे भेसळीचे साखरेचे पाक बाजारात असल्याचं 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दाखवून दिलं, तिथे काडीचं काय घेऊन बसलात!

पहिल्यांदा करताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. मधमाशी किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर हा प्रकार नकोच. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंघोळीत मध अजिबात नको, तोंडात गेला तर बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. फरशी निसरडी होते, म्हणून पायाखाली पायपुसणं टाका.

शेवटी अंग चिकट वाटतं म्हणून साबण फासू नका. कोमट पाण्याचे दोन तांबे आणखी घ्या, अंग टिपा आणि ओलसर असतानाच खोबरेल लावा.