साठीनंतर जोडीने मिशनवर: परदेशातला दिवस कसा लावायचा

मिशनचं, म्हणजे चर्चच्या सेवेसाठी परगावी जायचं, पत्र आलं की पहिला आठवडा सगळे धर्मग्रंथ उघडून बसतात. जरूर बसा, पण त्याच आठवड्यात बाजारात जाऊन कुकरच्या दोन जादा रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिट्टी घेऊन ठेवा. आम्ही दोघं फिलिपिन्सच्या पंगासिनान प्रांतात, उर्दानेता मिशनमध्ये आहोत. माझं ठाम मत आहे की ज्येष्ठ जोडप्याचं मिशन म्हणजे परक्या गावात नव्याने मांडलेला संसार. तो आधी बसवायचा, सेवा मग आपोआप होते. विशीतल्या मुलांसारखं दुसऱ्याच दिवशी उन्हात हिंडायला निघाल, तर आठवड्यात गुडघे धरून बसाल.

लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते आम्ही. चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. तरुण मुलगे दोन वर्षांसाठी जातात, जोडप्यांना सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतची मुदत निवडता येते. घरभाडं, खाणं, औषधं हा खर्च आपला आपण करायचा. म्हणून आधी पेन्शनचा बंदोबस्त. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण' मोबाइलवर चालतं की नाही हे घरी असतानाच करून बघा, आणि परदेशातून दाखला द्यायचा झाल्यास काय कागद चालतो ते बँकेत विचारून ठेवा. भारतातलं सिमकार्ड बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. बीपी-शुगरच्या गोळ्या तीन महिन्यांच्या न्या. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घराची किल्ली कोणाकडे, हे तोंडी ठरवू नका. भाऊ असला तरी लिहून द्या.

इथे वीज २२० व्होल्टचीच आहे, त्यामुळे मिक्सर चालतो. फक्त सॉकेट चपट्या दोन पिनांचे, तेव्हा ॲडाप्टर हवा. हिंग, गोडा मसाला आणि मोहरी तेवढी आणा. बाकी बाजाराची धास्ती नको. पालेंकेत, म्हणजे मंडईत, सकाळी साडेसहाला जा. माळुंगाय म्हणून जी पानं मिळतात ती आपला शेवगा. आम्पालाया म्हणजे कारलं, उपो म्हणजे दुधी, सितावच्या लांब शेंगा चवळीच्या. मूग तर आहेतच, त्याला मुंगो म्हणतात. कोकणातल्या माणसाला कामियास बघून हसू येईल, ती आपली बिलिंबी. मासे खात असाल तर बांगूस घ्या, दागुपानचा प्रसिद्ध आहे, पण काटे काढायला सवड ठेवा. शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं की पिनाकबेट ही दिसायला निव्वळ भाजी असली तरी तिच्यात बागूंग, म्हणजे आंबवलेले बारीक मासे किंवा जवळ्यासारखी कोळंबी असते. विचारून घ्या, कोणी रागावत नाही.

चहाचा प्रश्न मराठी माणसाने घरूनच सोडवून यावं. आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी चालत नाही, ती तेव्हापासून सोडलेली असतेच, पण परक्या गावात दुपारी चारला हात कशाला तरी वळवळतो. इथे सालाबात मिळतं, आलं उकळून केलेलं गोड पेय. चहापत्तीचा संबंध नाही. त्यात गवती चहाच्या दोन काड्या टाका. इथे त्याला तांगलाद म्हणतात आणि तो मंडईत जुडीने मिळतो. आमच्या ह्यांची कपबशी त्यावर शांत झाली.

आता दिवस. तरुण मिशनरी साडेसहाला उठतात आणि साडेदहाला झोपतात, तो त्यांचा नियम आहे, आपल्यावर नाही. तरीही वेळ ठरवाच, नाहीतर सुट्टीवर आल्यासारखं वाटायला लागतं. आम्ही उठल्यावर अर्धा तास एकत्र वाचतो, मग मंडई, मग आंघोळ. नाव लिहिलेला काळा बिल्ला लावला की दिवस सुरू. दुपारी साडेबारा ते अडीच बाहेर पडायचं नाही. ऊन तसंच आहे आणि वयही. सोमवार कपडे धुणं, केस कापणं, बँक. रविवारी खरेदी करत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याचे निळे कॅन शनिवारीच भरून आणायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. मधुमेह असेल तर करू नका. एकादशीच्या हट्टाने उपास करणारी आपण माणसं, म्हणून मुद्दाम सांगते: डॉक्टरांची मनाई असेल तर चर्चही आग्रह धरत नाही.

गाडी मिळाली तर ह्यांच्यासारख्या पस्तीस वर्षं डावीकडून चालवलेल्या माणसाला आधी मोकळ्या मैदानात सोडा. इथे उजवीकडून चालतात, गिअर उजव्या हातात येतो, आणि ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली रिक्षा, कुठूनही निघते. शेजारी बसणाऱ्याने फक्त एकच काम करायचं, वळण आलं की "उजवीकडे, अहो, उजवीकडे" म्हणायचं. बाकी सूचना गिळा. परदेशी लायसन्सवर नव्वद दिवस चालवता येतं, तोपर्यंत इथलं काढून घ्या.

आमचं मुख्य काम तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासणं, आणि त्यात बारकाई हवी. दोघांनी मिळून जायचं, एकटं कोणी नाही. आधी गॅस: नळीला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की सिलिंडर बंद करा आणि नळी त्याच दिवशी बदला. मग धुराच्या अलार्मचं बटण दाबा. आवाज आला नाही तर मागचं झाकण उघडा; बॅटरी काढून टॉर्चमध्ये घातलेली असते. पाण्याच्या फिल्टरवर बदलल्याची तारीख लिहिलेली आहे का बघा. फ्रीजमध्ये वास घेऊ नका, झाकण असलेलं प्रत्येक भांडं उघडा. बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी दाखवून द्या आणि ब्रश त्यांच्याच हातात द्या. तुम्ही घासायला लागलात की पुढच्या वेळीही तुम्हालाच घासावी लागेल. सगळं झाल्यावर डबा काढा. माझे शंकरपाळे टोंगाच्या मुलापासून सामारच्या मुलापर्यंत सगळ्यांना चालतात, आणि दमट हवेत टिकतात.

त्यातला एखादा पोरगा गप्प झालेला असतो. ते घरची ओढ आहे, आजार आहे की सोबतच्या मिशनरी मुलाशी बिनसलंय, ते विचारून कळत नाही. ह्यांनी त्याला कांदे चिरायला बसवावं, मी समोर फोडणी घालावी. दहा मिनिटांत बोलतो. गंभीर वाटलं तर मिशन प्रेसिडेंटच्या पत्नीला त्याच संध्याकाळी फोन करा, मुलांच्या तब्येतीचं त्या बघतात. आपण डॉक्टरकी करायची नाही.

लोकांच्या घरी जाल तेव्हा लहान मुलं तुमचा हात धरून कपाळाला लावतील. हात मागे घेऊ नका, तो नमस्कार आहे. जेवणावर बसलेलं कुटुंब "काइन तायो" म्हणेल, जेवायला या. आपल्याकडे म्हणतात तसंच हे. भूक नसेल तर "बुसोग पा पो आको", पोट भरलंय म्हणा आणि घासभर तरी चाखा. बिनचर्चच्या घरी कॉफी आली तर पाणी मागा, कारणांचं व्याख्यान नको.

नोकरीत असताना नवरा-बायको दिवसाचे दहा तास लांब असतात, इथे चोवीस तास एकत्र. दुपारचा एक तास वेगवेगळ्या खोल्यांत काढा. भांडण झालं तर त्या दिवशीच्या भेटी पुढे ढकलू नका; दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं की आपलं निम्मं विरघळतं. नातवंडांशी बोलायला इथली रात्री नऊची वेळ धरा, पुण्यात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात आणि मुलं क्लासहून घरी आलेली असतात.

वादळाचे इशारे क्रमांकाने येतात, एक ते पाच. एकचा इशारा आला की तांदूळ, पाणी, चार्ज केलेले दिवे तयार ठेवा आणि आपल्या भागातल्या मिशनरी मुलांच्या प्रत्येक जोडीला संदेश पाठवून उत्तर आलं की नाही ते वहीत लिहा. नेटवर्क गेल्यावर तीच वही कामाला येते.

दर सहा आठवड्यांनी मुलांच्या बदल्या होतात आणि गाडी असलेलं जोडपं हमाल होतं. आदल्या रात्री डिकी रिकामी करा. तिथे एक सुतळीचा गुंडा, कात्री आणि केळ्यांची फणी ठेवा. एका तरी बॅगेची चेन तुटलेली असतेच, आणि नाश्ता तर कोणीच केलेला नसतो.