विंडरशची यादी आधी उघडू नका: कॅरिबियनहून ब्रिटनला आलेल्या पूर्वजांचा माग कसा काढावा

"आमचे आजोबा विंडरशने आले." कॅरिबियन मुळाच्या ब्रिटिश घरांत हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं, की ते सगळे आजोबा खरंच त्या बोटीवर चढले असते तर ती जमैकाच्या बंदरातच बुडाली असती. 'एम्पायर विंडरश' २१ जून १९४८ रोजी लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागली आणि दुसऱ्या दिवशी लोक उतरले. यादीत १,०२७ प्रवासी होते. त्यांतल्या ८०२ जणांनी आपलं आधीचं राहण्याचं ठिकाण कॅरिबियनमधलं सांगितलं होतं. त्याआधीच्या वर्षी 'ऑर्मोंड' आणि 'अल्मान्झोरा' येऊन गेल्या होत्या आणि पुढची चौदा वर्षं बोटी येतच राहिल्या. विंडरश हे आता एका पिढीचं नाव झालं आहे. तुमच्या आजोबांची बोट बहुधा वेगळीच असणार.

ब्रिटनमधल्या एखाद्या मराठी घरात जावई बार्बाडोसच्या घराण्यातला असेल, किंवा नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला असेल, तर पहिली अडचण येते ती आपल्या सवयींची. आपल्या नावात बापाचं नाव मधोमध बसलेलं असतं. त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्याय चोपडी उघडून चार पिढ्या वाचून दाखवतात. कॅरिबियनमध्ये यातलं काही चालत नाही. तिथे आईच्या नावाने शोधावं लागतं, आणि उलट दिशेने चालावं लागतं: आजपासून मागे, लंडन किंवा बर्मिंगहॅमहून बेटाकडे.

ब्रिटनमधल्या शोधातून एकच गोष्ट हाती लागायला हवी: बेटावरच्या पॅरिशचं नाव, आणि जमलं तर त्यातल्या गावाचंही. पॅरिश म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. जमैकात असे १४ आहेत. "किंग्स्टनचे" एवढ्यावर समाधान मानू नका. खेड्यातून आलेली माणसंही परक्यांना सोपं जावं म्हणून किंग्स्टनच सांगायची, जसा डहाणूचा माणूस दिल्लीत "मुंबईचा" होतो.

पायरी १: आधी घर, मग संगणक

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. "वंशावळ सांगा" असं म्हणू नका, कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा विचारा: बोटीचं भाडं कुणी भरलं? पहिल्या रात्री कुठे झोपलात? खोली कुणाच्या ओळखीने मिळाली? या प्रश्नांतून नावं बाहेर पडतात. खोल्या गाववाल्यांच्या ओळखीने मिळत. घराची अनामत रक्कम 'पार्डनर'मधून उभी राही. पार्डनर म्हणजे थेट आपली भिशी. त्या भिशीत कोण कोण होतं हे विचारलंत, तर निम्मं गाव सापडतं.

दुसरा प्रश्न नावाचा. जमैकात घरचं नाव आणि कागदावरचं नाव यांचा संबंध असेलच असं नाही. सगळं घर ज्यांना जन्मभर एका लाडक्या नावाने हाक मारत आलं, त्या आजी दाखल्यावर भलत्याच कुणी निघतात. म्हणून प्रत्येक माणसाच्या पुढे दोन्ही नावं लिहा.

मग कागद. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे जुना पासपोर्ट. जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाली, त्रिनिदाद त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, गयाना आणि बार्बाडोस १९६६ मध्ये. त्याआधीचे पासपोर्ट त्या त्या वसाहतीत दिलेले ब्रिटिश पासपोर्ट असत. त्यांवर जन्मतारीख आणि जन्मस्थळ मिळतं, आणि शिक्क्यावरून बंदर व दिवसही कळू शकतो. माळ्यावरची प्रवासाची बॅग ('ग्रिप' म्हणतात तिला) एकदा उघडून बघाच.

बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहायची पद्धत होती, तीही पानं बघा. आणि अंत्यविधीच्या वेळी वाटलेल्या छापील पुस्तिका गोळा करा. त्यांत दिवंगताचा जीवनवृत्तान्त बरेचदा असतो: जन्मगाव, आईवडील, भावंडं, कोण कुठल्या देशात. कॅरिबियन घरांत मृत्यूनंतर नवव्या रात्री सगळे जमतात, खाणं होतं, डॉमिनो रंगतो, आठवणी निघतात. तिला 'नाइन नाइट' म्हणतात. दहाव्याला आपल्याकडे जसे विसरलेले चुलत भाऊ उगवतात तसंच तिथेही होतं. बोलावणं आलं तर जा. वही मात्र खिशातच राहू द्या.

पायरी २: ब्रिटनमधले दाखले

इंग्लंड-वेल्सचे जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले जनरल रजिस्टर ऑफिसकडून ऑनलाइन मागवता येतात. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर सूची फुकट चाळता येते.

इथे एक तारीख पाठ करून ठेवा: १ एप्रिल १९६९. या दिवसापासून मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि जन्मस्थळ नोंदवायला सुरुवात झाली, आणि जन्माच्या दाखल्यावर आईवडिलांची जन्मस्थळं. म्हणजे १९५६ साली आलेल्या आजोबांना १९७१ मध्ये लंडनमध्ये मूल झालं असेल, तर त्या मुलाच्या दाखल्यात आजोबांच्या गावाचा ठाव लागू शकतो. थोरल्या मुलाचा १९६० चा दाखला तेवढं सांगणार नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांचे दाखले बघा, धाकट्यांचे आधी. विवाहाच्या दाखल्यात वधूवरांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय असतात. कुणी ग्लासगोत वारलं असेल तर तुमचं नशीब, कारण स्कॉटलंडच्या मृत्यू-दाखल्यात आईवडील दोघांची नावं येतात.

मतदारयाद्या फारसं कुणी बघत नाही आणि ती चूक आहे. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये मतदानाचा हक्क होता. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या लंडनमधल्या ब्रिक्स्टन किंवा बर्मिंगहॅममधल्या हॅन्ड्सवर्थच्या यादीत एकाच घराच्या पत्त्यावर पाच-सहा आडनावं दिसतात. हे भाडेकरू बरेचदा एकाच पॅरिशचे, कधी एकमेकांचे मेहुणे-साडू. स्थानिक अभिलेखागारात या याद्या मिळतात.

जनगणनेवर मात्र वेळ घालवू नका. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जळून गेली, १९४१ ला झालीच नाही आणि १९५१ ची शंभर वर्षं बंद आहे. कार्डिफ किंवा लिव्हरपूलच्या गोदीत आधीपासून राहिलेला खलाशी शोधत असाल तर १९२१ ची जनगणना आणि १९३९ चं रजिस्टर (युद्धाच्या सुरुवातीला केलेली लोकांची नोंद) कामाला येतं. तसल्या खलाशांची १९१८ ते १९२१ ची छायाचित्रांसकट ओळखपत्रंही टिकून आहेत.

पायरी ३: आता बोट

लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'बीटी २६' या मालिकेत १९६० पर्यंतच्या येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या आहेत. त्या अँसेस्ट्री या वर्गणीच्या संकेतस्थळावर बघता येतात. वर्गणी भरण्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, अनेक ठिकाणी तिथल्या संगणकावर फुकट मिळते. यादीत नाव, वय, व्यवसाय, चढल्याचं बंदर आणि ब्रिटनमधला ठरलेला पत्ता असतो. जन्मगाव नसतं, म्हणूनच ही पायरी तिसरी आहे. तो पत्ता मात्र सोडू नका. आधी आलेल्या भावाचं किंवा आत्याचं घर बहुधा तेच.

नाव सापडत नसेल तर आडनाव सोडून द्या. वय, व्यवसाय आणि महिना धरून शोधा. आईवडील आधी पुढे गेले, मुलं आजीकडे राहिली आणि चार-सहा वर्षांनी त्यांना बोलावून घेतलं, हे घरोघरी घडलेलं आहे. अशी मुलं मावशीबरोबर किंवा एकटीच आली आणि यादीत आजीच्या आडनावाने लागली. बापाच्या आडनावाने शोधणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत.

तरीही बोट सापडली नाही, तर कारणं सरळ आहेत. अनेकजण स्पॅनिश-इटालियन बोटींनी जिनोव्हाला उतरले, तिथून आगगाडीने फ्रान्स ओलांडून लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर आले. युरोपातल्या बंदरांतून आलेल्यांची नोंद या याद्यांत नाही. विमानाने आलेल्यांची नाही. १९६० नंतरच्यांचीही नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत आलेल्यांची आगमनाच्या वेळची कार्डं गृहखात्याकडे होती, ती २०१० मध्ये नष्ट केली गेली. २०१८ मध्ये विंडरश प्रकरण उघडकीला आलं तेव्हा याच कार्डांवरून गदारोळ झाला. कायदेशीर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पुरावे मागितले जात होते आणि पुराव्याचे कागद सरकारनेच फाडलेले होते.

बोटीऐवजी मग नोकरीचा धागा धरा. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून बार्बाडोसला जाऊन माणसं भरती केली; परिचारिका रुग्णालयांनी बोलावल्या. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये कॅरिबियनमधून काही हजार लोक होते, त्यांतले बरेच पुढे परत ब्रिटनला आले. लष्करी सेवेचे कागद वारसांना मागता येतात.

पायरी ४: बेटावरची दप्तरं

पॅरिश हाती लागली की खरी मजा सुरू होते. त्रिनिदादमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८४८ पासून, जमैकात १८७८ पासून. त्याआधीचं चर्चच्या दप्तरांत. जमैकाची चर्चची आणि सरकारी, दोन्ही रजिस्टरं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून बघता येतात. सूचीत नाव नाही म्हणून थांबू नका, मूळ पानं एकेक करून उलटा. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं आहे, आणि सूची करणाऱ्याने डोळ्याला दिसलं तसं.

जमैकात मोठ्या संख्येने मुलं विवाहाबाहेर जन्मली. त्यांच्या नोंदीत बापाची जागा कोरी असते आणि मूल आईच्या आडनावाने लागतं. कोऱ्या जागेचा अर्थ बाप बेपत्ता होता असा लावू नका. पुष्कळदा तो त्याच घरात राहत होता, पुढे लग्नही झालं, आणि त्या लग्नाच्या नोंदीत तुम्हाला त्याच्या बापाचं नाव मिळतं. कधी मुलाचं नावच लिहिलेलं नसतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी. अशा वेळी आई, गाव आणि तारीख जुळवूनच ठरवावं लागतं.

आणखी एक खड्डा: १८६७ मध्ये जमैकाच्या २२ पॅरिशच्या १४ झाल्या. 'व्हेर' नावाची पॅरिश तेव्हा क्लॅरेंडनमध्ये विरली. समजा, तुमचे आजोबा क्लॅरेंडनचे. त्यांच्या आजोबांची नोंद व्हेरच्या वहीत असू शकते. जुना नकाशा शेजारी ठेवूनच बसा.

पणजोबांचा जन्म भलत्याच देशात निघाला तरी दचकू नका. १९०४ ते १९१४ या काळात पनामा कालवा खणायला हजारो बार्बाडियन आणि जमैकन गेले. कुणी क्यूबाच्या उसात गेलं, कुणी कोस्टारिकात. ब्रिटन हा त्या घराण्याचा पहिला परदेश नसण्याचीच शक्यता जास्त.

पायरी ५: १८३४ ची भिंत

१ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली. 'उमेदवारी'च्या (अप्रेंटिसशिपच्या) नावाखाली वेठ चालूच राहिली, ती १८३८ मध्ये सुटली. या तारखेच्या मागे जाताना शोधाची रीतच बदलते, कारण माणसाची नोंद आता मालमत्ता म्हणून आहे. पूर्वज सापडायला आधी मालक सापडावा लागतो.

क्यूच्या 'टी ७१' मालिकेत गुलामांची रजिस्टरं आहेत. जमैकाची १८१७ पासून १८३२ पर्यंत दर तीन वर्षांनी केलेली. नाव (बहुधा एकच शब्द), वय, त्वचेचा रंग, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, आणि शेऱ्यात कधीकधी आईचं नाव. तो शेरा म्हणजे सोनं. मालक आणि मळा शोधायला युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा 'लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी' हा मोफत माहितीसंग्रह आहे. सरकारने मुक्तीच्या वेळी दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदाम नाही. त्या भरपाईच्या दाव्यांवर हा संग्रह उभा आहे.

आडनाव मालकाचंच असेल असं धरून चालू नका. कॅम्पबेल हे स्कॉटिश आडनाव जमैकात जिथे तिथे भेटतं. तेवढ्यावरून कुठल्याच कॅम्पबेलचा मळा तुमचा ठरत नाही. गाव, चर्च आणि मळा हे तीन एका जागी आले तरच पुढे जा.

डीएनए चाचणीने इथे मदत होते, पण आफ्रिकेच्या रंगीत नकाशामुळे नव्हे. उपयोगी असते ती जुळणाऱ्या चुलत-मावस नातलगांची यादी. चाचणी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची करा, आणि आधी त्यांना नीट विचारा. आजोबांचं बेटावर आधीचं एक घर होतं, हे त्या यादीतून कळू शकतं, आणि आजींना ते कळायला हवंच असं नाही.

पूर्वज भारतातून गेलेले असतील तर

१८३८ पासून गयानाला, १८४५ पासून त्रिनिदाद आणि जमैकाला भारतातून गिरमिटिया (करारबद्ध) मजूर नेले; १९१७ ला ती भरती थांबली. ही जहाजं प्रामुख्याने कलकत्त्याहून सुटत, काही मद्रासहून. आपल्या मुलखातले लोक गेले ते मुख्यतः मॉरिशसला, म्हणून कॅरिबियन कागदांत मराठी नाव शोधत बसू नका. भोजपुरी कानाने वाचा.

या घराण्यांच्या वाटेत १८३४ ची भिंत येत नाही. प्रत्येक मजुराचा पास असे आणि त्यावर बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं आणि गाव लिहिलेलं असे. हे कागद पोर्ट ऑफ स्पेन आणि जॉर्जटाउनच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. ते जहाज आणि क्रमांकानुसार लावलेले असल्याने नुसतं नाव घेऊन जाऊ नका. मुलांच्या जन्मनोंदींत आईबापाच्या नावापुढे बरेचदा जहाजाचं नाव आणि क्रमांक सापडतो. तो आधी उतरवून घ्या आणि मगच पास मागा.