रॅमचा वेग वाढवताना वही जवळ ठेवा

माझा पहिला ओव्हरक्लॉक (म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा रॅम जास्त पळवणं) सतरा दिवस झकास चालला. ३२०० ची रॅम ३८०० वर नेली होती. विंडोज सुरू व्हायचं, गेम चालायचे, मी खूश. अठराव्या दिवशी जुन्या फोटोंची एक झिप उघडेना. दुसरी उघडली, पण आतले तीन फोटो अर्धे राखाडी. मग बॅकअप तपासला, तर त्या सतरा दिवसांत कॉपी केलेल्या फायलींपैकी काहींचा चेकसम (फायलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ फायलीशी जुळेना. म्हणजे बॅकअपमध्येही मीच कचरा भरून ठेवला होता. एवढ्या दिवसांत निळा स्क्रीन एकदाही आला नव्हता.

प्रोसेसर जास्त ताणला तर बहुतेक वेळा मशीन बंद पडतं आणि आपल्याला कळतं. रॅममधला एखादा बिट उलटला तर बरेचदा काहीच होत नाही, फक्त तो बिट चुकीचा लिहिला जातो. म्हणून आता माझा बराचसा वेळ टेस्टिंगमध्ये जातो, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आकडे बदलायला त्या मानाने काहीच लागत नाही.

सुरुवातीआधी तीन कामं. बॅकअप घ्या आणि ती ड्राइव्ह केबलसकट काढून ठेवा. बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. आणि मदरबोर्डवर क्लिअर सीमॉसच्या पिना (बायोसची सेटिंग पुसून मूळावर आणणाऱ्या) कुठे आहेत ते आत्ताच पाहून घ्या. काळ्या स्क्रीनसमोर बसून मॅन्युअल शोधायची वेळ येऊ नये. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात.

मग काहीही न बदलता मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. पट्टी मुळातच सदोष असेल तर ती इथेच सापडते. त्यानंतर एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅम बनवणाऱ्याने पट्टीतच साठवलेली वेगाची सेटिंग) लावून पुन्हा तेच. हे प्रोफाइल म्हणजेसुद्धा ओव्हरक्लॉकच. डीडीआर-४ चं मानक व्होल्टेज १.२ आणि प्रोफाइल साधारण १.३५ मागतं. पट्टी ते पेलते. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर पेलेलच असं नाही.

आता किती वर जायचं? खोक्यावरचे ३६०० म्हणजे खरं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झ, कारण प्रत्येक ठोक्याला डेटा दोनदा जातो. माझ्याकडे रायझन ५६०० प्रोसेसर आहे. त्यात इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट) आणि मेमरी एकास एक चालली तर फायदा, आणि फॅब्रिक १८०० ला सहसा कुरकुर करत नाही. १९०० च्या आसपास नशिबाचा भाग सुरू होतो. मेमरी पुढे आणि फॅब्रिक मागे राहिलं की लेटन्सी (डेटा मिळायला लागणारा वेळ) वाढते, मग तो मोठा आकडा फक्त मित्रांना दाखवायला.

वेग आणि सीएल (डेटा मागितल्यापासून तो येईपर्यंत जाणारे ठोके) एकत्र वाचायची सोपी रीत: सीएल गुणिले २०००, भागिले वेग. उत्तर नॅनोसेकंदात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. ३६०० सीएल१६ म्हणजे ८.९ च्या जवळपास. माझं लक्ष्य हे शेवटचं होतं.

क्रम असा ठेवा: आधी टायमिंग (सीएलसारखे वाट पाहण्याच्या ठोक्यांचे आकडे) मुद्दाम ढिली करून वेग वाढवायचा, तो पक्का झाला की टायमिंग आवळायची. दोन्ही एकदम केलं आणि एरर आली तर दोष कुणाचा हे शोधता येत नाही. मी ३६०० ला २०-२२-२२-४२ ने (पहिला आकडा सीएल, दुसरा टीआरसीडी) सुरुवात केली, व्होल्टेज १.३८. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) ऑटोवर सोडू नका. बोर्ड तिथे उदारपणे जास्त देतो. मी १.१ वर बांधून ठेवलं.

मग एका वेळी एकच आकडा खाली. बदल, छोटी टेस्ट, वहीत नोंद. वही खरोखरच हवी, कारण रात्री एक वाजता ‘मघाशी टीआरसीडी १९ होतं की १८’ हे कुणालाच आठवत नाही. एक गंमत सांगतो: मी सीएल १५ केलं, टेस्ट सुटली, स्वतःची पाठ थोपटली, आणि लागू झालेली टायमिंग दाखवणारं झेनटायमिंग्ज उघडलं तर तिथे १६! बायोसमधला गिअर डाउन मोड चालू असेल तर विषम सीएल वर ढकलून सम केलं जातं. बायोसमध्ये टाकलेला आकडा आणि लागू झालेला आकडा वेगळे असू शकतात, तेव्हा दर वेळी विंडोजमध्ये पाहून मगच वहीत लिहा.

टीआरएफसी या टायमिंगपाशी थोडं जास्त थांबू. मेमरीची प्रत्येक पेशी म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यातला चार्ज सतत गळत असतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो, आणि त्या वेळी तिथलं वाचन-लेखन थांबतं. ही थांबण्याची वेळ म्हणजे टीआरएफसी. ८ गिगाबिटच्या डीडीआर-४ चिपला मानकानुसार ३५० नॅनोसेकंद, म्हणजे ३६०० वर ६३० ठोके. ती कमी केली की लेटन्सीत फरक दिसतो. पण चिप तापली की गळती वाढते, त्यामुळे पहाटे सुटलेली टेस्ट दुपारी अडखळते. मी ६३० वरून थोडं थोडं उतरत ५२० पर्यंत आलो.

टेस्टिंगसाठी माझी जोडी म्हणजे मेमटेस्ट८६+ आणि विंडोजमध्ये टेस्टमेम५. पहिलं ढोबळ चाळणीसाठी, दुसरं बारीक. आवळाआवळी संपल्यावर टेस्टमेम५ सोबत ग्राफिक्स कार्डावरही लोड टाका, कारण कार्डाची गरम हवा पट्ट्यांवरच येते आणि खरा गेम खेळताना तेच होणार असतं. एरर एक आली तरी टेस्ट नापास. ‘एकच तर आहे’ हा युक्तिवाद मी फोटो गमावून तपासलेला आहे. पहिल्या दोन-चार मिनिटांतच एरर आली तर मी शेवटचा बदल मागे घेतो. चाळीस मिनिटांनी आली तर आधी पंख्याची दिशा पाहतो. टेस्ट सुटली तरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये WHEA-Logger च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी चाळा; माझ्या मशीनवर ३८०० ला त्या ढिगाने होत्या आणि दोष फॅब्रिकचा होता. शेवटी मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड सुरू करून बघा. बोर्ड दर वेळी रॅमचं ट्रेनिंग करतो (म्हणजे रॅमशी बोलणं जुळवून घेतो), ते थंडपणी फसलं तर दोन-तीनदा बंद-चालू होऊन परत डिफॉल्टवर येतो.

डीडीआर-५ वाल्यांसाठी दोनच गोष्टी. पहिलं ट्रेनिंग कित्येक मिनिटं चालू शकतं, काळा स्क्रीन पाहून बटण दाबू नका. आणि चिपच्या आतलं ईसीसी (चुका दुरुस्त करणारी सोय) पट्टी ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका पकडत नाही, त्यामुळे टेस्टमधून सुटका नाही.

माझ्या वहीतली सध्याची ओळ: ३६००, १६-१९-१९-३६, १.३८ व्होल्ट, टीआरएफसी ५४०. हिवाळ्यात ५२० वर तीन रात्री स्वच्छ गेल्या होत्या. उन्हाळ्यात खोली तापल्यावर पुन्हा टेस्ट लावली, पन्नासाव्या मिनिटाला एक एरर आली, आणि मी वीस ठोके परत दिले.