पत्रकारिता शिकताय? आधी स्वतःच्या विद्यापीठाचीच बातमी करा

पत्रकारितेला अ‍ॅडमिशन झालं की पहिल्या आठवड्यात सगळे विचारतात कॅमेरा कुठला घेऊ, मी म्हणतो वही-पेन घ्या आणि नोटीस बोर्डासमोर जाऊन उभे रहा. सरकारी विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालतं, म्हणजे बजेट, फी, भरती, टेंडर सगळाच बातमीचा माल, आणि तुम्ही दिवसभर तिथेच असता, एवढं सोपं बीट, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेलं क्षेत्र, पुढे नोकरीत मिळत नाही.

एकच विषय धरा. समजा हॉस्टेल. मागच्या तीन वर्षांची बजेटं मिळवा, आकडे शेजारी शेजारी लिहा, जिथे एकदम उडी दिसेल तिथे प्रश्न विचारायचा. मग वॉर्डन, मुलं, अकाउंट्समधला माणूस, सगळ्यांशी वेगवेगळं बोला. ज्याच्यावर आरोप येतोय त्याची बाजू छापायच्या आधीच घ्यायची, आणि एकदाच रिंग देऊन 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहायचं नाही, तो आळशीपणा लगेच कळतो.

आता लिहिणं. पहिल्या वर्षी सगळे असंच लिहितात, मीपण लिहिलंय: 'विद्यापीठाच्या सभागृहात मान्यवरांच्या उपस्थितीत बैठक उत्साहात संपन्न झाली.' अरे पण झालं काय? ते चौथ्या परिच्छेदात सापडतं, हॉस्टेलची फी वाढली! तेच उचलून इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या वाक्यात आणा, 'हॉस्टेलची फी पुढच्या सत्रापासून वाढणार', लगेच खाली किती, कोणी ठरवलं, का, आणि मान्यवर सगळ्यात शेवटी, कारण जागा कमी पडली की डेस्कवाले, म्हणजे बातम्या तपासून पानात बसवणारे, खालून कापतात. उलटा पिरॅमिड तो हाच, नुसती व्याख्या पाठ करून हाताला येत नाही.

थिअरीचे पेपर नोट्सवर निघून जातात, पण कायद्याचं लेक्चर बुडवू नका, अब्रूनुकसानी म्हणजे नक्की काय हे नोटीस आल्यावर शिकणं महागात पडतं. आकड्यांची भीती वाटत असेल तर स्टॅटिस्टिक्सच्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन बसा, मोठ्या विद्यापीठाचा हाच तर फायदा.

अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेचं स्कूल सुरू झालं, त्याच वर्षी तिथल्या मुलांनी गावासाठी खरा पेपर काढायला घेतला. तुमच्याकडे वर्षातून एकच अंक निघतो, तोही सरांच्या फोटोंनी भरलेला? मग चौघं मिळून आपला काढा, चार पानी चालेल, फक्त एकाने लिहिलेली बातमी दुसऱ्याने तपासल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

आणि हो, वहीत प्रत्येक पानावर तारीख आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव, स्पेलिंग त्यालाच विचारून.