भाड्याच्या घरांची कामे आणि घरमालकाचा होकार : सांगलीतील एका प्लंबरचा अनुभव

प्लंबिंगचे काम शिकून झाले आहे, हत्यारे स्वतःची आहेत आणि कोणाच्या हाताखाली न राहता कामे शोधायला सुरुवात केली आहे, अशा तरुण कारागिरांसाठी हे लिहीत आहे. सीपीव्हीसीच्या (प्लॅस्टिकच्या पाइपच्या) जोडाला सोल्व्हंट (चिकटवणारा द्राव) कसे लावावे किंवा टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉल कॉक कसा बसवावा हे तुम्हाला येतेच. भाड्याने दिलेल्या घरांच्या मालकांकडून काम कसे मिळते आणि केलेल्या कामाचे पैसे हातात कसे पडतात, एवढाच विषय येथे घेतला आहे. हे दुसरे शिकताना मला जो त्रास झाला, तो आठवला की आजही जीव कासावीस होतो.

सांगली-मिरजेत अशा घरांना तोटा नाही. विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांचे विद्यार्थी खोल्या घेऊन राहतात. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठी रुग्णालये यांच्यामुळे शिकणारी मुले, परिचारिका आणि उपचारांसाठी आलेले रुग्णांचे नातेवाईक यांची सतत ये-जा असते. कुपवाडला एमआयडीसीतील कामगार आहेत. यांतील अनेक घरांचे मालक येथे राहत नाहीत. कोणी पुण्यात मुलाकडे असते, कोणी बंगळुरूला नोकरीत असते, आणि जे येथे आहेत त्यांतील बरेचसे निवृत्त शिक्षक किंवा बँकेतील माणसे आहेत. अशा मालकाला तुमच्या मजुरीपेक्षा एका गोष्टीची जास्त काळजी असते : आपण समोर नसताना हा माणूस आपल्या भिंतीत नेमके काय करणार आहे? या प्रश्नाचे उत्तर जो कारागीर न विचारता देतो, त्याच्याकडे काम टिकते.

आता ज्या अडचणीत मी सापडलो ती सविस्तर सांगतो, कारण तीत जवळजवळ प्रत्येक नवीन कारागीर सापडतो. विश्रामबागेतील एका इमारतीतून भाडेकरूचा फोन आला. त्याच्या न्हाणीघरातून खालच्या घराच्या छताला ओल येत होती आणि खालचे लोक रोज वर येऊन भांडत होते. फरशी फोडली, नहाणी ट्रॅपचा (फरशीवरील जाळीखालच्या, सांडपाणी बाहेर नेणाऱ्या भागाचा) जोड सुटलेला निघाला, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग करून फरशी पुन्हा बसवली. खाली ओल थांबली, सगळे समाधानी झाले. पैशांची वेळ आली तेव्हा भाडेकरू म्हणाला, "घर मालकाचे आहे, त्यांच्याकडून घ्या." पुण्यातील मालक फोनवर म्हणाले, "मला न विचारता फरशी फोडायला तुम्हाला कोणी सांगितले?" सामान उधारीवर आणलेले होते, त्यामुळे दुकानदाराचे पैसे मी पदरचे भरले. पुढे कितीतरी महिन्यांनी मजुरीचा काही भाग मिळाला, बाकीचा बुडाला.

त्या दोघांपैकी खोटे कोणी बोलत नव्हते, हे लक्षात घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. मालकाने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू किमान 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. दुसरीकडे, आपल्याकडे बहुतेक घरे 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात आणि त्यात किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी अशी अट बहुधा असते. किरकोळ म्हणजे काय, यावर मात्र दोघांचे कधीच एकमत होत नाही. नळाचे वायसर किरकोळ आहे, पण फ्लशची टाकी? गिझरचा कॉक? तो करार तुम्ही पाहिलेला नसतो आणि पाहून त्याचा अर्थ लावणे हे तुमचे काम नाही. तुम्हाला एवढेच निश्चित करायचे आहे की पैसे देणाऱ्या माणसाने कामाला हातोडा लागण्यापूर्वी होकार दिला आहे.

म्हणून फोन कोणाचाही आला तरी पहिला प्रश्न हा विचारा की पैसे कोण देणार. मालक देणार असतील तर भाडेकरूकडून त्यांचा नंबर घ्या आणि स्वतः बोला. "मी साहेबांना सांगितले आहे" या वाक्यावर कधीही काम सुरू करू नका. बोलणे झाल्यावर व्हॉट्सॲपवर साधा मजकूर पाठवा : "आपल्या घरातील न्हाणीघराची फरशी सुमारे दोन फूट बाय दोन फूट फोडून ट्रॅप बदलायचा आहे. सामान व मजुरी मिळून अंदाजे इतका खर्च येईल. आत आणखी काही खराब निघाल्यास काम थांबवून आपल्याला फोटो पाठवीन. होकार कळवावा." होकार आल्याशिवाय पिशवीतून छिन्नी काढू नका. तोपर्यंत पाणी वाहतच असेल तर मुख्य कॉक बंद करा, भेटीचे पैसे घ्या आणि बाहेर पडा. भाडेकरू रागावेल, तरीही थांबा. पुढची पायरीही तितकीच महत्त्वाची आहे. फोडल्यावर आतील पाइप कुजलेला किंवा उताराची चूक निघाली, तर पहिला होकार त्या वाढीव कामाला लागू पडत नाही. पुन्हा फोटो, पुन्हा रक्कम, पुन्हा होकार. घर भावाभावांत सामाईक असेल तर खर्च कोण करणार हे त्यांच्यापैकी एकाकडून लेखी येऊ द्या, नाहीतर एकाने सांगितलेले दुसरा मानत नाही आणि तुम्ही घरगुती वादाचे साक्षीदार होऊन बसता.

यामुळे काम हातचे जाईल, अशी भीती तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होती. प्रत्यक्षात असे विचारणारा माणूस दूरच्या मालकाला फार आवडतो, आणि पुढच्या वेळी तो भाडेकरूच्या आधी तुम्हालाच फोन करतो.

फोटो काढतानाही थोडी अक्कल लावावी लागते. नुसती नवीन फरशी दाखवून मालकाला काही कळत नाही. सुटलेला जोड, काढलेला जुना ट्रॅप, नवीन ट्रॅप बसवून वर पाणी भरून ठेवलेले, आणि नंतर खालचे कोरडे छत, अशा क्रमाने पाठवा. भिंतीला ओल असेल तर फोडण्याआधी घरातील सगळे नळ बंद करून पाण्याचे मीटर फिरते का ते पाहा. टाकी भरत नसतानाही फिरत असेल तर गळती दाबाच्या, म्हणजे पाणी आणणाऱ्या लाइनमध्ये आहे. फिरत नसेल तर सांडपाण्याच्या लाइनचा, किंवा मीटरनंतर टाकी असेल तर टाकीपासून खाली येणाऱ्या लाइनचा संशय धरा. हा तपास चित्रीकरण करून मालकाला पाठवला की तुमच्या अंदाजावर त्यांचा विश्वास बसतो आणि घासाघीस निम्म्याने कमी होते.

बिल छापील असो वा हाताने लिहिलेले, त्यात सामान वेगळे, मजुरी वेगळी आणि कारण स्पष्ट लिहा. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकरात सरसकट 30 टक्के वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीची बिले लागत नाहीत. तरीही मालक बिल मागतात, कारण त्यांना भाडेकरूच्या अनामत रकमेतून ते कापायचे असते. येथे एक स्पष्ट इशारा देतो. नळ जुना होऊन खराब झाला असताना "भाडेकरूने तोडला" असे लिहून देण्याची विनंती कोणी केली, तर ती नाकारा. सांगली-मिरज काही फार मोठी नाही. आजचा भाडेकरू उद्या कुठेतरी घरमालक होतो आणि तुमचे अक्षर त्याच्या लक्षात राहते.

कामे मिळवण्याच्या आडवाटांविषयी माझी मते ठाम आहेत. घरे दाखवणाऱ्या एजंटला कमिशन देऊन कामे घेऊ नका, कारण ते कमिशन शेवटी हलक्या सामानातूनच निघते. हार्डवेअरच्या दुकानदाराकडून मालकाच्या नकळत टक्केवारी घेण्याची पद्धत सर्रास आहे, ती तर बिलकुल नको. सामानाची पावती मालकाच्या नावावर करून घ्या. त्याच दुकानदाराशी संबंध मात्र जपा, कारण चांगला प्लंबर कोण, हे लोक पहिल्यांदा त्यालाच विचारतात. वस्ताद निवडताना तो हात किती सफाईने चालवतो यापेक्षा घरमालकाशी बोलताना तुम्हाला शेजारी उभे राहू देतो का ते पाहा. जो वस्ताद बोलणी सुरू होताच पोऱ्याला सामान आणायला पिटाळतो, त्याच्याकडे वर्षानुवर्षे राहूनही तुम्ही निम्मा धंदा शिकता.

मालकांना भेटण्याचा सर्वांत चांगला काळ एप्रिल-मे हा आहे. परीक्षा संपून विद्यार्थी खोल्या सोडतात, जूननंतर नवे येतात आणि मधल्या दिवसांत घर रिकामे असते. तेव्हा जाऊन पूर्ण घर तपासून देण्याचे सांगा : बोअरच्या क्षारांनी धरलेले नळ, टाकीचा ओव्हरफ्लो, सांडपाण्याच्या लाइनवरील चेंबर. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे जमिनीतील सांडपाण्याच्या लाइनचे जोड उघडतात. हे कारण समजावून सांगितले की मालक चेंबर उघडून पाहायला तयार होतात. नदीजवळच्या भागात तर बोलायला आणखी विषय आहे. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती आणि 2021 मध्ये पाणी पुन्हा घरांत शिरले. तेथील घरात जमिनीखालच्या टाकीचे झाकण घट्ट बसते का, मैल्याच्या लाइनला उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह आहे का आणि मोटारीचा स्टार्टर पुरेसा उंच आहे का, हे पाहून सांगा. स्टार्टर हलवण्याचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडे द्या.

पहिल्या वर्षात हात रिकामे राहतील, असे दिवस येतील आणि घरचे लोक कंपनीत लागण्याचा आग्रह धरतील. तेव्हा दर पाडून कामे ओढू नका. एका मालकाचे काम नीट झाले की त्याची दुसरी खोली, त्याच्या बहिणीचा फ्लॅट, शेजारच्या निवृत्त सरांचे घर, अशी ओळख वाढत जाते. तिला वेळ लागतो, पण ती वाढते हे मी खात्रीने सांगतो. विश्वास वाढला की मालक घराची किल्लीही देऊ करतात. ती ठेवून घेऊ नका. किल्ली शेजारी किंवा इमारतीच्या सचिवांकडे असू द्या, कामापुरती घ्या, आणि परत देताच मालकाला तसा संदेश पाठवा.