पायलटच्या कोर्सचं कर्ज: सहीआधी आयकराची तयारी

पोरगं पायलट व्हायला गोंदियाजवळच्या बिर्शीच्या फ्लाइंग स्कूलला जाणार, नागपूरला की परदेशात, हे ठरलं की बँकेत जाण्याआधी घरात आयकर कोण भरतं ते पाहा. कास्तकाराच्या घरी पहिला प्रश्न हाच. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. वरूडकडची संत्र्याची बाग कितीही मोठी असो, बाबांचं दुसरं उत्पन्न नसेल तर त्यांना करच नाही, मग कर्जाच्या व्याजाची वजावट कशातून घेणार? आई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असेल तर कर्जदार म्हणून तिचं नाव लावून घ्या. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची ही वजावट 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 80ई मध्ये आहे. ती ज्यानं कर्ज घेतलं आणि स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरलं त्यालाच मिळते. शिक्षण स्वतःचं, नवरा-बायकोचं किंवा मुलांचं हवं. कायदेशीर पालक नसलेल्या काकानं पुतण्यासाठी कर्ज काढलं तर काही मिळत नाही.

वजावट मिळते ती फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही आणि फीचीही नाही. 200 तासांचं फ्लाइंग, ग्राउंड क्लास, मेडिकल, पुढचं टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), यातलं काहीही नोकरी लागल्यावर पगारातून खर्च म्हणून वजा होत नाही. इंटरनेटवर याच्या उलट वाचायला मिळतं, पण ते बहुधा अमेरिकेचे नियम असतात. कलम 80सी (पीएफ, विमा अशा बचतीची वजावट) खाली मुलांची ट्यूशन फी बसते खरी, पण मर्यादा सगळं मिळून दीड लाख, आणि शिक्षकांचे ते दीड लाख बहुतेकदा पीएफ आणि विम्यातच भरलेले असतात. होस्टेल आणि युनिफॉर्म ट्यूशन फीत घुसवू नका.

कर्ज बँकेचंच घ्या. पतसंस्थेचं कर्ज, सावकाराचे किंवा पाहुण्यांचे पैसे चालत नाहीत. सोनेतारण किंवा पीककर्जातून फी भरली तर ते शैक्षणिक कर्ज ठरत नाही. मंजुरीपत्रावर कोर्सचं नाव स्पष्ट छापून घ्या.

आता आकडेमोड, कारण इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. 80ई फक्त जुन्या करप्रणालीत आहे. 2025-26 च्या दरानं नव्या प्रणालीत पगार 12.75 लाखांपर्यंत असेल तर कर शून्यच, मग व्याजाचा उपयोग नाही. समजा आईचा पगार वर्षाला 15 लाख, 80सी पूर्ण आणि व्याज 4 लाख. पगारदारांना सरसकट मिळणारी प्रमाणित वजावटही धरली तर जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न 9 लाख, सेससह कर 96,200. नव्या प्रणालीत 14.25 लाखांवर 97,500. फरक 1,300 रुपये! घरभाडं किंवा इतर वजावटी असतील तर चित्र बदलतं. म्हणून दोन्ही हिशेब दरवर्षी मांडा. धंद्याचं उत्पन्न नसेल तर रिटर्न मुदतीत भरताना दरवर्षी प्रणाली निवडता येते.

वजावट आठ वर्षं मिळते आणि घड्याळ पहिलं व्याज भरल्याच्या वर्षापासून सुरू होतं. शिक्षणाच्या काळात बँकेनं हप्त्याला सवलत दिली असताना हौसेनं दोन-चार हजार व्याज भरलं तर एक वर्ष त्यातच जातं. खात्यावर नुसतं चढलेलं व्याज चालत नाही, प्रत्यक्ष भरलेलं लागतं. हप्ता आईच्या पगाराच्या खात्यातूनच जाऊ द्या. कापूस विकून आलेले पैसे थेट कर्जखात्यात भरले की 'करपात्र उत्पन्नातून' ही अट अडचणीत येते.

फाइलमध्ये मंजुरीपत्र, बारावीची मार्कशीट, संस्थेच्या डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यतेची प्रत, प्रवेशपत्र आणि फीच्या पावत्या ठेवा. पावतीवर 18 टक्के जीएसटी लावला असेल तर विचारा: डीजीसीए-मान्य संस्थेचे मान्यताप्राप्त फ्लाइंग कोर्स करमुक्त असल्याचा खुलासा ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकात आहे. मोठ्या फीवर ही रक्कम आयकराच्या वजावटीपेक्षा कितीतरी जास्त भरते. परदेशी फी स्वतःच्या पैशातून पाठवताना बँकेनं टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतलेला आयकर) कापला तर तो 26एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो का ते बघून रिटर्नमध्ये वळता करून घ्या. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस नाही.

मार्च संपला की बँकेतून व्याजाचा दाखला घ्या, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेला. रिटर्नमध्ये आता कर्जखाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि 31 मार्चची बाकीही विचारतात. आईच्या नावावर वावर असेल आणि शेतीचं उत्पन्न 5,000 च्या वर असेल तर रिटर्नचा आयटीआर-1 हा फॉर्म भरू नका. तिथे आयटीआर-2 लागतो.