परमिटवरून काउन्सिलशी भांडायच्या आधी

इंग्लंडात पार्किंगवरून काउन्सिलशी, म्हणजे स्थानिक पालिकेशी, वाजलं, की आधी भांडण कशाचं आहे ते ठरवून घ्या. रहिवासी परमिट (घराजवळच्या रस्त्यावर गाडी लावायचा परवाना) नाकारलंय, की परमिट असूनही काचेवर पीसीएन, म्हणजे पार्किंगच्या दंडाची नोटीस, चिकटवलाय? दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. पीसीएन लवादापर्यंत, म्हणजे अशा दंडांवरची अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणापर्यंत, नेता येतो. परमिटचा नकार लवाद ऐकत नाही. तिथे आधी काउन्सिलकडे रीतसर तक्रार करायची, तिचे सगळे टप्पे संपवायचे आणि मग ऑम्बुड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) जायचं, तेही नकार कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत. पीसीएन खरंच काउन्सिलचाच आहे ना, हेही बघा. खासगी कंपन्यांच्या पावत्या दिसायला तशाच असतात, नियम मात्र निराळे.

आता कागद. लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद), भाडेकरार, काउन्सिल टॅक्सचं बिल आणि विमा शेजारी-शेजारी ठेवून नाव-पत्ता अक्षरन्‌अक्षर जुळवा. आपल्या मंडळींचं घोडं इथेच पेंड खातं. लॉगबुकवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, टॅक्सच्या बिलावर नुसती आद्याक्षरं, विम्यावर लग्नानंतरचं आडनाव. अर्ज तपासणाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटली तर त्याला दोष कसा देणार? घर बदललं की लॉगबुकवरचा पत्ता लगेच बदलून घ्या. न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे काउन्सिलच्या सगळ्या नोटिसा जुन्या घरी जात राहतात.

नव्या इमारतीत फ्लॅट घेणार असाल तर सही करण्याआधी चौकशी करा. लंडनमध्ये कित्येक इमारतींना बांधकामाची परवानगीच 'रहिवाशांना परमिट मिळणार नाही' या अटीवर मिळालेली असते. एजंट हे आपणहून सांगेल अशी आशा नको. घराचा पत्ता देऊन काउन्सिललाच ईमेलने विचारा. अशी अट असेल तर नंतर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पीसीएन मिळाला तर गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढा: खांबावरची पाटी, रस्त्यावरच्या रेषा, जागा तात्पुरती बंद असल्याचा पिवळा फलक असल्यास त्यावरच्या तारखा, आणि हे सगळं गाडीसह एका चौकटीत. ऑनलाइन परमिटचा स्क्रीनशॉट घेताना गाडीचा नंबर नीट वाचा. २००१ नंतरच्या नेहमीच्या नंबरांत तिसरी आणि चौथी जागा आकड्यांची, बाकी अक्षरांची. तेव्हा शून्य कुठे आणि 'ओ' कुठे हे यावरून कळतं. चूक तुमचीच निघाली तरी फी भरल्याची पावती जोडून लिहा. दंड माफ करायचा अधिकार काउन्सिलला असतो.

भांडायचं ठरलं तर पैसे भरू नका, भरले की प्रकरण संपलं. १४ दिवसांत निम्म्या रकमेची सवलत असते. त्याच मुदतीत पहिली हरकत पोहोचली आणि फेटाळली गेली, तर बहुतेक काउन्सिलं सवलत पुन्हा देतात. पुढे गाडीच्या मालकाच्या नावे नोटीस येते. तिला २८ दिवसांत उत्तर द्या. काउन्सिलने ५६ दिवसांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही जिंकलात, म्हणून पाठवल्याचा पुरावा जपा. नकार आला तर लवाद: लंडनसाठी लंडन ट्रायब्युनल्स, उरलेल्या इंग्लंडसाठी ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. अपिलाला फी नाही. नुसतीच अडचण सांगून तिथे भागत नाही, नियमातलं कारण लागतं.

फी वाढल्याची तक्रार असेल तर लंडनमधल्या बार्नेट काउन्सिलविरुद्धचा २०१३ चा निकाल वाचा. रहिवासी परमिट ४० पौंडांवरून १०० वर नेलं होतं. पार्किंगचा कायदा महसूल उभा करण्यासाठी नाही, असं सांगून हायकोर्टाने ती वाढ बेकायदा ठरवली. फी नुसती जास्त वाटते एवढ्यावर हा निकाल कामाला येत नाही. वाढीमागचा हेतू काउन्सिलच्या स्वतःच्या कागदांतून दाखवावा लागतो. हे कागद माहिती अधिकारात मागता येतात आणि उत्तराला २० कामकाजाचे दिवस असतात.

आणि जुन्या पत्त्यामुळे काहीच न मिळता थेट वसुलीचं पत्र आलं, तर घाबरून पैसे भरण्याआधी टीई९ फॉर्म (नोटीस मिळालीच नाही असं सांगणारं निवेदन) भरा. मुदत उलटली असेल तर सोबत टीई७ (उशिरा निवेदन देण्याची परवानगी मागणारा अर्ज).